७४ शोधनिबंध, ४,१०० सायटेशन, एच-इंडेक्स २४ : यावरून नेमके काय लिहावे?

नमस्कार. आपला प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडतो. आपण कोल्हापुरात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहात. संस्थेने एका वनस्पती रेणवीय जीवशास्त्रज्ञाच्या संशोधनाचा दोन पानी आढावा लिहिण्याचे काम आपल्यावर सोपवले आहे, समितीत त्या विषयाचे दुसरे कोणी नाही, आणि आपल्या हातात आहे ती गूगल स्कॉलरवरून छापून घेतलेली यादी. शोधनिबंध ७४, एकूण सायटेशन (इतरांच्या निबंधांत आलेले उल्लेख) ४,१००, एच-इंडेक्स २४, आय-टेन इंडेक्स (किमान दहा सायटेशन असलेले निबंध) ४१, पहिला निबंध २००४ चा. सर्वाधिक म्हणजे १,१५० सायटेशन दुष्काळ-सहनशीलतेवरील एका आढावा लेखाला आहेत आणि त्याखालोखाल ६२० एका जीनोम-प्रकल्पाच्या निबंधाला, ज्याच्या नव्वद लेखकांत या गृहस्थांचे नाव ४७ वे आहे. आपण विचारले आहे, "हे आकडे चांगले आहेत का, आणि असले तर किती?"

मी या विषयात तीसेक वर्षे काम केले, त्यातली बहुतेक कोल्हापुरातच, ऊस आणि सह्याद्रीतील काही झाडे घेऊन, आणि निवड समित्यांवरही बराच काळ बसलो. त्या अनुभवावरून सांगतो की आकडे चांगले आहेत, पण आपला खरा प्रश्न तो नाही. या माणसाने स्वतः काय शोधले आणि ते कोणाच्या उपयोगी पडले, हे आपल्याला दोन पानांत सांगायचे आहे. त्यासाठी कोठे पाहायचे हे आकडे दाखवतात, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करू. पुढे मात्र निबंध उघडून वाचावे लागतील.

आधी यादी त्यांचीच आहे ना, हे पाहावे. हे हास्यास्पद वाटेल, पण बारा-तेरा वर्षांपूर्वी एका समितीत मीच फसलो होतो. उमेदवाराचे आडनाव पाटील होते. गूगल स्कॉलर आद्याक्षर आणि आडनाव जुळले की निबंध आपोआप चिकटवतो, आणि आपल्या जिल्ह्यात एकाच आद्याक्षराचे संशोधक पाटील किती असतील याची कल्पना त्या यंत्राला नसते. मी मोठ्या कौतुकाने त्यांना गंजरोधक लेपावरच्या त्यांच्या आंतरशाखीय कामाबद्दल विचारले. ते शांतपणे म्हणाले, "सर, तो निबंध माझा नाही." तेव्हापासून मी उमेदवाराकडून ओआरसीआयडी क्रमांक (प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) मागतो आणि त्याची यादी स्कोपस या सायटेशन-संग्रहातील यादीशी ताडून पाहतो. उलट प्रकारही घडतो: लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकांचे काम दोन खात्यांत विभागले जाते आणि दोन्हीकडे एच-इंडेक्स कमी दिसतो.

गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या तिघांचे आकडे जुळणार नाहीत. स्कॉलर प्रबंध, परिषदांतील लेख, पूर्वप्रकाशित मसुदे असे सगळे मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा सहसा सर्वांत मोठा येतो. आपण कोणताही एक स्रोत धरा, तो कधी पाहिला ती तारीख लिहा आणि दोन स्रोतांचे आकडे एका वाक्यात मिसळू नका.

आता थोडे गणित. एच-इंडेक्स ही कल्पना २००५ साली होर्हे हर्श यांनी मांडली, आणि ते आपल्याच विषयाचे, भौतिकशास्त्रज्ञ. एच-इंडेक्स २४ म्हणजे किमान २४ निबंध असे, की ज्यांना प्रत्येकी किमान २४ सायटेशन आहेत. हर्श यांनी असेही नोंदवले होते की एकूण सायटेशन हे साधारणपणे एच-इंडेक्सच्या वर्गाच्या तीन ते पाच पट असतात. २४ चा वर्ग ५७६; ४,१०० ला त्याने भागले तर सात पटींहून थोडे अधिक येते. गुणोत्तर पाचाच्या पुढे गेले की मी समजतो, वरच्या एकदोन निबंधांनी एकूण आकडा फुगवला आहे. आपल्या यादीत ते दोन समोरच आहेत. आढावा लेख आणि जीनोम-प्रकल्प मिळून १,७७०, म्हणजे एकूण सायटेशनच्या ४३ टक्के. ते बाजूला ठेवले तर उरतात २,३३०, आणि एच-इंडेक्स फार तर दोनने खाली येईल, २२ च्या खाली जाऊच शकत नाही. गुणोत्तर पुन्हा चार-पाचाच्या घरात येते. याचा अर्थ उरलेले काम सलग आणि सकस असण्याची शक्यता बरीच आहे. याच निकालासाठी मी एच-इंडेक्सला वापरतो; एवढे एक काम तो नीट करतो. त्याच्यावरून कोणाची नेमणूक अडवावी इतका तो भक्कम नाही, आणि या निर्देशांकाचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात हे खुद्द हर्श यांनी २०२० मध्ये लिहिले आहे.

आपण भौतिकशास्त्राचे असल्यामुळे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्याकडे मोठ्या प्रयोगांत लेखकांची नावे वर्णानुक्रमे येतात. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरील २०१५ च्या निबंधाला ५,१५४ लेखक होते आणि त्यांतले कितवे नाव कोणाचे याला अर्थ नव्हता. जीवशास्त्रात क्रमाला फार अर्थ आहे. पहिले नाव ज्याने प्रयोग केले त्याचे, बहुधा पीएच.डी. किंवा पोस्ट-डॉक करणाऱ्याचे. शेवटचे नाव ज्याची प्रयोगशाळा आणि ज्याची मूळ कल्पना त्याचे, आणि पत्रव्यवहाराचा लेखक सहसा तोच. मधली नावे कधी महत्त्वाच्या मदतीची, कधी सौजन्याची. म्हणून यादीपुढे एक रकाना आखा आणि प्रत्येक निबंधासमोर पहिला, शेवटचा की मधला एवढेच लिहा. हे काम कंटाळवाणे आहे, पण तासाभरात होते, आणि मला तरी बाकी सगळ्या निर्देशांकांपेक्षा त्या एका रकान्यातून जास्त कळत आले आहे.

नव्वदांत ४७ वे नाव असणे हा दोष मुळीच नाही. तांदळाचा जीनोम २००५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाचे काम भारतीय प्रयोगशाळांनी केले होते, आणि त्या कामातून इथली एक पिढी जीनोम वाचायला शिकली. त्या ६२० सायटेशनचे श्रेय मात्र एका माणसाच्या खात्यावर पूर्ण मांडता येत नाही. आढाव्यात "अमुक आंतरराष्ट्रीय प्रकल्पात सहभाग" असे एक वाक्य लिहून आपण पुढे जावे.

त्याच रकान्याशेजारी वर्ष लिहा. पहिला निबंध २००४ चा आहे, म्हणजे सुरुवातीचे काम पीएच.डी.चे, पुढे कदाचित परदेशातील पोस्ट-डॉकचे. त्या काळातील निबंध मोठ्या नियतकालिकांत असतात, सायटेशनही भरपूर असतात, पण प्रश्न दुसऱ्याचा, पैसा दुसऱ्याचा आणि काचघरही दुसऱ्याचे. परत आल्यावर दोन-तीन वर्षे यादी बारीक होते. ग्रोथ चेंबर निविदेत अडकतो, एन्झाइमची पाकिटे बर्फ वितळलेल्या अवस्थेत पोहोचतात, पहिला विद्यार्थी वर्षभरात नोकरी लागून निघून जातो. ही पोकळी पाहून समित्या नाक मुरडतात. मला ती प्रामाणिक यादीची खूण वाटते. त्या पोकळीनंतर, शेवटचे नाव त्यांचे असलेले पहिले चार-पाच निबंध शोधा. हा माणूस स्वतंत्रपणे काय विचार करतो, हे तिथे दिसेल.

आता ज्या भागावर आपण सर्वांत जास्त वेळ द्यावा त्याकडे वळतो: निबंध कोणत्या जातीचा आहे. वनस्पती रेणवीय जीवशास्त्रात सायटेशन सर्वांत जास्त मिळतात ती पद्धती सांगणाऱ्या निबंधांना. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या ऊतींसाठी एक पोषक माध्यम सुचवले. आज केळीची रोपे बनवणाऱ्या कोणत्याही टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत 'एमएस मीडियम' म्हणून तेच ओतले जाते. क्यूपीसीआरचे (एखादे जनुक किती सक्रिय आहे हे मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे मांडण्याची लिवाक आणि श्मिटगेन यांची २००१ ची रीत लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाली आहे. आणि माझे आवडते उदाहरण डॉइल दांपत्याचे: ताज्या पानांतून सीटॅब हे साबणासारखे रसायन वापरून डीएनए काढण्याची त्यांची १९८७ ची कृती 'फायटोकेमिकल बुलेटिन' या छोट्याशा पत्रिकेत पाच पानांत छापली गेली आणि जगभरातील वनस्पती-प्रयोगशाळांत पोहोचली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातील अलीकडच्या निबंधांना मिळणाऱ्या सायटेशनची सरासरी) नसलेल्या परीक्षित नियतकालिकाला ५ आणि १० पेक्षा जास्त इम्पॅक्ट फॅक्टर असलेल्याला ३० असे वाढीव गुण आहेत. त्या तक्त्यात डॉइल यांचे पारडे कोठे बसले असते, ते आपणच ठरवा.

माझ्या स्वतःच्या यादीतही तेच घडले. कोकमाच्या पानांतून डीएनए काढताना आमची एक विद्यार्थिनी रडकुंडीला आली होती. पाने द्रव नायट्रोजनमध्ये कुटायची, ६५ अंशांच्या पाण्यात सीटॅबच्या द्रावणात ठेवायची, क्लोरोफॉर्मने धुवायची, आणि शेवटी नळीच्या तळाशी पांढऱ्या धाग्यांऐवजी चहाच्या गाळासारखा तपकिरी चिकट गोळा. पानातील पॉलिफेनॉल हवा लागताच काळे पडतात आणि डीएनएला धरून बसतात, मग पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची क्रिया) काही केल्या चालत नाही. आम्ही पॉलिफेनॉल धरून ठेवणाऱ्या पीव्हीपीचे प्रमाण वाढवले, मीठ वाढवले, मर्कॅप्टोइथेनॉल अगदी ऐन वेळी घातले (त्याचा कुजका वास संध्याकाळपर्यंत जिन्यात रेंगाळत असे) आणि कोवळी, तांबूस पानेच घेतली. तीन आठवड्यांत जमले. तो चार पानी निबंध आज माझा सर्वाधिक उद्धृत निबंध आहे. उसाच्या चाबूक काणी रोगाला विरोध करणाऱ्या जनुकांवर मी सात वर्षे घालवली. त्या निबंधाला १९ सायटेशन आहेत, त्यांतले चार आमचेच.

आढावा लेख ही दुसरी जात. तो चांगला असेल तर विषयाची शिस्तशीर मांडणी होते आणि नवशिक्यांचे भले होते, पण त्यात नवा प्रयोग नसतो, आणि प्रस्तावनेतील एका वाक्याला आधार हवा असलेला प्रत्येक जण त्याचेच नाव टाकतो. दुष्काळ, क्षार आणि उष्णता या विषयांवर जगभर लिहिले जाते, त्यामुळे १,१५० हा आकडा विषयाच्या गर्दीचाही आहे.

तिसरी जात गेल्या पंधरा वर्षांत फोफावली आहे. शीर्षकावरूनच ती ओळखू येते: अमुक पिकातील तमुक जनुककुटुंबाचा जीनोमव्यापी शोध. डब्ल्यूआरकेवाय, एनएसी, एमवायबी अशी कुटुंबांची नावे बदलतात, पिकाचे नाव बदलते, सांगाडा तोच राहतो. जीनोम सार्वजनिक संग्रहातून उतरवायचा, संगणकावर जनुके शोधायची, वंशवृक्ष काढायचा, शेवटी थोडे क्यूपीसीआर. यात चांगले कामही असते, पण असे दहा निबंध एका यादीत दिसले आणि त्यांतल्या एकाही जनुकाचा पुढे पाठपुरावा झालेला नसला, तर संख्या मोठी असूनही काम उथळ आहे असे मी लिहितो.

चौथी जात अवघड आहे: एखादे जनुक झाडात खरोखर काय करते हे दाखवणे. इथे मी काही ठरावीक गोष्टी पाहतो. पिकातले जनुक काढून फक्त तंबाखूत किंवा अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये (प्रयोगशाळेत वापरली जाणारी छोटी नमुना-वनस्पती) घातले आणि रोप मिठाच्या पाण्यात जरा जास्त टिकले, एवढ्यावर निबंध थांबला आहे का? की तेच जनुक मूळ पिकात बंद करून, आज क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने ते शक्य आहे, उलट बाजूनेही तपासले आहे? प्रयोग स्वतंत्र रोपांवर केला आहे की एकाच रोपाची तीन पाने तोडून त्यांना तीन नमुने म्हटले आहे? क्यूपीसीआरमध्ये तुलनेसाठी घेतलेले संदर्भ-जनुक त्या परिस्थितीत स्थिर राहते हे दाखवले आहे का? आपण दुसऱ्या विषयाचे असलात तरी मोजमापातील स्वतंत्र पुनरावृत्ती म्हणजे काय हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. पद्धती-विभाग त्याच नजरेने वाचा, भाषेला बिचकू नका. आणखी एक सोपी खूण म्हणजे निबंधात दिलेले जीनबँक या सार्वजनिक अनुक्रम-संग्रहाचे अ‍ॅक्सेशन क्रमांक. ते हा संग्रह चालवणाऱ्या एनसीबीआयच्या संकेतस्थळावर टाकून बघा. अनुक्रम तिथे खरोखर आहे, वनस्पतीचे नाव बरोबर आहे आणि त्याच प्रयोगशाळेने तो दिला आहे, हे पाच मिनिटांत कळते. क्रमांकच सापडला नाही तर तो प्रश्न त्यांना मुलाखतीत विचारण्यासारखा आहे.

हे सगळे कोणत्या वनस्पतीवर झाले यावरही आकडे फार अवलंबून असतात. अ‍ॅराबिडॉप्सिसची पिढी सहा आठवड्यांत होते, गुणसूत्रांच्या अवघ्या पाच जोड्या, जीनोम २००० सालीच वाचून झालेला, आणि त्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा जगभर. त्याउलट आपला ऊस. दोन प्रजातींच्या संकरातून आलेला, शंभर ते एकशेतीस गुणसूत्रांचा, प्रत्येक जनुकाच्या कितीतरी प्रती; लागवडीतील उसाचा बहुगुणित संदर्भ-जीनोम प्रसिद्ध व्हायला २०२४ साल उजाडले. इथला आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. लागणीचे आणि खोडव्याचे निरीक्षण धरले तर एका प्रयोगाला अडीच-तीन वर्षे सहज जातात. इम्पॅक्ट फॅक्टर मात्र फक्त मागील दोन वर्षांतील निबंधांची सायटेशन मोजतो. आमचा निबंध वाचून एखाद्याने त्याच हंगामात आडसाली लागण केली, तरी त्याचा निष्कर्ष छापून येईपर्यंत ती खिडकी बंद झालेली असते. म्हणून त्या गृहस्थांचे काम अ‍ॅराबिडॉप्सिसवर, भातावर की उसावर, नाचणीवर, नरक्यासारख्या जंगली झाडावर आहे, हे कळल्याशिवाय २४ हा एच-इंडेक्स मोठा की लहान हे मी सांगू शकणार नाही. भातावर काम करणाऱ्या वीस वर्षांच्या कारकिर्दीसाठी तो चांगला आहे. उसावर किंवा सह्याद्रीतील स्थानिक वनस्पतींवर असेल, तर तो फारच चांगला म्हणावा लागेल.

याच कारणाने आपल्या विभागातील आकड्यांशी त्यांची तुलना करू नका. कोल्हापुरात थिन फिल्मवर दीर्घकाळ काम चालले आहे. त्या क्षेत्रात निबंध लवकर होतात, एकमेकांना पटापट उद्धृतही केले जातात. तिथला ४० आणि इथला २४ हे एकाच तराजूत घालायचे आकडे नाहीत. स्कोपसमध्ये क्षेत्र, वर्ष आणि लेखप्रकार धरून काढलेले एक गुणोत्तर मिळते, त्यात १ म्हणजे जागतिक सरासरी. ते उपलब्ध असेल तर वापरावे. 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ' या यादीत नाव असल्याचे त्यांच्या परिचयात लिहिले असेल, तर एवढे लक्षात ठेवा की ती यादी म्हणजे पुरस्कार नाही, स्कोपसच्या आकड्यांवरून काढलेली क्रमवारी आहे. तिच्यात एक गोष्ट मला आवडते: स्वतःची सायटेशन वगळलेले आकडे वेगळे दिलेले असतात, आणि पहिला, शेवटचा किंवा एकटा लेखक असण्याला वेगळे वजन असते.

स्व-सायटेशनबद्दल लोक लगेच संशय घेतात. एकाच वनस्पतीवर वीस वर्षे काम करणारा माणूस स्वतःचे मागचे निबंध दाखवणारच, कारण त्या झाडाचे प्रायमर (पीसीआरसाठी लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) दुसऱ्या कोणाकडे नसतात. संशय घ्यायचा तो दुसऱ्या ठिकाणी: एका वर्षात अचानक उसळलेला आकडा, आणि ती सायटेशन देणारे निबंध एकाच दोन-तीन नियतकालिकांतले, विषयाशी संबंध नसलेले. स्कॉलरवरचा वर्षवार आलेख पाहिला की अशी उसळी डोळ्यांना दिसते. मग ते निबंध उघडून पाहावेत. निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण कधीकधी उसळीमागे खरेच एखादा नवा शोध असतो.

मी स्वतः आणखी एक गोष्ट करतो. उमेदवाराचा एक मूळ संशोधनाचा निबंध निवडतो, त्याला उद्धृत करणाऱ्यांतील वीस निबंध यादृच्छिक काढतो आणि प्रत्येकात ते उद्धरण कोणत्या वाक्यात आले आहे ते वाचतो. बहुतेक ठिकाणी ते प्रस्तावनेत, सात-आठ जणांच्या घोळक्यात असते: "या विषयावर अनेकांनी काम केले आहे." माझ्या अनुभवात वीसांतील चार-पाच ठिकाणी लेखकाने तो निबंध खरोखर वापरलेला असतो, म्हणजे त्यातले प्रायमर घेतलेले, तोच प्रयोग दुसऱ्या वाणावर करून पाहिलेला, किंवा निष्कर्ष खोडून काढलेला. खोडून काढणारे उद्धरण मला मौल्यवान वाटते, कारण कोणीतरी तो प्रयोग पुन्हा केला एवढा त्याने तो मनावर घेतला होता. आपल्या आढाव्यात या चार-पाच वाक्यांचा गोषवारा आला, तर समितीला ४,१०० पेक्षा तो जास्त बोलका वाटेल.

सायटेशनमध्ये न दिसणारा परिणामही विचारून घ्या. भातातील सब१ए हे पुरात टिकून राहण्याचे जनुक २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि स्वर्णा-सब१ हे वाण भारतात २००९ मध्ये आले, जे दोन आठवड्यांच्या आसपास पाण्याखाली तग धरते. २०१९ ला पंचगंगेचे पाणी शिवारात साचून राहिले तेव्हा असल्या जनुकांची किंमत कोल्हापूरकरांना वेगळी सांगावी लागली नाही. तो निबंध भरपूर उद्धृत झाला हे खरे. पण ते वाण लावणारा शेतकरी कोणालाच उद्धृत करत नाही. आपल्या उमेदवाराने एखाद्या वाणाच्या निवडीसाठी मार्कर (हवा तो गुण ओळखण्याची डीएनएतील खूण) दिला असेल, ऊस संशोधन केंद्राला वाणांची ओळख पटवायला मदत केली असेल, किंवा एखाद्या दुर्मीळ कंदीलपुष्पाची रोपे वाढवून परत पठारावर लावली असतील, तर ते काम यादीत एका ओळीचेही नसेल. त्याचा पुरावा पत्रांत आणि अहवालांत मिळतो. तोही मागा.

मी आढावा लिहिला असता तर मधला परिच्छेद साधारण असा आला असता, रिकाम्या जागा आपण भराव्यात: "अमुक तारखेच्या स्कोपस नोंदीनुसार त्यांचे इतके निबंध आहेत; त्यांपैकी इतक्यांत ते पहिले किंवा शेवटचे लेखक आहेत. एकूण सायटेशनचा मोठा भाग एका आढावा लेखाचा आणि एका सामूहिक जीनोम-प्रकल्पाचा आहे. ते वगळूनही काम सातत्याने उद्धृत झाले आहे. स्वतःची प्रयोगशाळा सुरू केल्यानंतर त्यांनी अमुक पिकात अमुक प्रश्न धरून ठेवला, आणि त्यांच्या अमुक निष्कर्षाचा वापर इतरांनी असा केला." शेवटची दोन वाक्ये लिहिण्यासाठी चार-पाच निबंध पूर्ण वाचावे लागतील, आणि त्यातून सुटका नाही. एखादा निबंध अडला तर कोणत्याही वनस्पतिशास्त्र विभागातील पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना सोबत घेऊन बसा, त्यांना आकृत्या चांगल्या वाचता येतात.

मुलाखत असेल तर त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या यादीतील कोणता निबंध लोकांनी वाचायला हवा होता, पण वाचला नाही? समितीवर मी हे अनेकांना विचारले आहे. काही जण गडबडतात आणि सर्वांत मोठ्या नियतकालिकाचे नाव घेतात. काही जण क्षणभर थांबतात, मग यादीच्या तळाकडे बोट नेऊन दहा-बारा सायटेशनचा एखादा निबंध दाखवतात आणि त्यात कोणत्या रोपाने काय केले ते सांगू लागतात. तो निबंध त्या दिवशी घरी नेऊन वाचा, आणि मगच आढाव्याचे पहिले वाक्य लिहा.